ओट्सचे फ्लॅपजॅक: एकदा भुगा, एकदा दगड. सहलीसाठी नेमकं प्रमाण हवं आहे

पानगळ

रविवारच्या सहलीला तीसेक जणांसाठी ओट्सचे फ्लॅपजॅक करून न्यायचे आहेत. ब्रिटिश पद्धतीचे, म्हणजे बटर, साखर आणि गोल्डन सिरपमध्ये ओट्स घोळवून, टिनमध्ये थापून भाजलेल्या वड्या. (अमेरिकेत याच नावाने पॅनकेक ओळखतात, ते नकोत.)

दोन घाणे करून पाहिले, दोन्ही बिघडले. तपशील देते:

पहिला घाणा: जाड, अख्खे ओट्स २५० ग्रॅम, बटर १२५ ग्रॅम, ब्राऊन शुगर १२५ ग्रॅम, गोल्डन सिरप २ टेबलस्पून. २३ सेंमीचा चौकोनी टिन, १८० अंश, ३० मिनिटं. ओव्हनमधून काढल्या काढल्या कापायला घेतलं तर सगळा भुगा.

दुसरा घाणा: ओट्स, बटर, साखर तेवढंच, सिरप दुप्पट. बटर-साखर-सिरप एकत्र चांगलं पाचेक मिनिटं उकळलं. टिन आणि वेळ तीच. हा घाणा गार झाल्यावर सुरी आत जाईना, आणि कडा कडवट.

मला मधली अवस्था हवी आहे. हातात धरली तर न तुटणारी, चावली तर मऊसर आणि किंचित चिवट वडी. चूक नक्की कुठे होते आहे?

---

मंद_आच

दोन्ही घाण्यांची कारणं वेगवेगळी आहेत, त्यामुळे वेगवेगळीच बघू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. फ्लॅपजॅकमध्ये अंडं नाही, मैदा नाही. ओट्सना एकमेकांशी धरून ठेवणारी गोष्ट एकच, साखरेचा पाक. म्हणून याला केकच्या नियमांनी तोलू नका, पाकाच्या नियमांनी तोला. पाकात पाणी किती उरलं यावर वडीचा पोत ठरतो. पाणी जास्त उरलं तर वडी लिबलिबीत राहते. योग्य उरलं तर मऊ आणि चिवट. पाणी उडून पाक गोळीबंदच्याही पुढे गेला की गार झाल्यावर तो काचेसारखा कडक होतो.

तुमचा दुसरा घाणा इथेच बिघडला. पाच मिनिटं उकळताना पाक बराच पुढे गेला आणि त्यावर पुन्हा ३० मिनिटं ओव्हनची आच बसली. बटर, साखर आणि सिरप उकळायचं नाही. मंद आचेवर बटर वितळेपर्यंत आणि साखरेची करकर बरीचशी कमी होईपर्यंत ढवळायचं, कडेला पहिला बुडबुडा दिसला की गॅस बंद. साखर पूर्ण विरघळली नाही तरी चालतं, उरलेलं काम ओव्हन करतो.

पहिल्या घाण्यात तीन गोष्टी एकत्र आल्या. सिरप कमी. ओट्स सगळेच जाड, त्यामुळे मोठ्या पाकळ्यांमध्ये पोकळ्या राहिल्या आणि त्या भरायला बारीक काही नव्हतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गरम असताना कापलं. गरम फ्लॅपजॅक कधीच धरलेला नसतो. त्यातला पाक तेव्हा पातळ असतो आणि बटर द्रव असतं. गार होताना पाक घट्ट होतो, बटर गोठतं, तेव्हा वडी जमते. ओव्हनमधून काढताना मधला भाग बोटाने दाबला तर दबतो, हलतो, कच्चा वाटतो. तो तसाच असायला हवा. बहुतेक जण इथे घाबरून आणखी दहा मिनिटं ठेवतात आणि दगड करून घेतात.

दोन्ही घाण्यांत टिनही मोठा होता. तुमच्या मिश्रणाचा थर २३ सेंमीच्या टिनमध्ये जेमतेम सव्वा सेंमी होतो. एवढ्या पातळ थराला १८० अंशांवर ३० मिनिटं म्हणजे फारच झालं.

हे प्रमाण घ्या, २० सेंमीच्या चौकोनी टिनसाठी:

ओट्स ३०० ग्रॅम (२०० ग्रॅम जाड, १०० ग्रॅम बारीक झटपट शिजणारे, बारीक नसतील तर तेवढे जाड ओट्स मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन भरड करा, पीठ करू नका)
बटर १५० ग्रॅम
ब्राऊन शुगर ९० ग्रॅम
गोल्डन सिरप ११० ग्रॅम
मीठ पाव ते अर्धा छोटा चमचा (खारं बटर असेल तर वगळा)

थर सुमारे २ सेंमी येतो. ओव्हन १६० अंशांवर आधी तापवून घ्या, पंखा चालू असेल तर १४५ ते १५०. मधल्या कप्प्यात २८ ते ३२ मिनिटं. कडा सोनेरी-तपकिरी, मधला भाग फिकट सोनेरी आणि अजून मऊ, हीच काढायची खूण.

बटर-साखर-सिरपच्या पातेल्यातच ओट्स आणि मीठ घाला आणि तळापासून उलथत दोन मिनिटं नीट कालवा, एकही पाकळी पांढरी-कोरडी दिसता कामा नये. मग पाच मिनिटं तसंच ठेवा. ओट्स थोडा पाक पिऊन घेतात आणि भाजताना बटर बाजूला सुटत नाही.

थापणं हीसुद्धा एक कला आहे. टिनमध्ये ओतून आधी कोपरे भरा, मग सपाट बुडाच्या वाटीने किंवा पेल्याने सगळीकडे सारखं दाबा. वाटीच्या बुडाला बटर पेपरचा तुकडा लावला की चिकटत नाही. दाब घट्ट हवा, पण अंगाचा भार टाकून नको. फार दाबलं तर पाकळ्या चेचल्या जातात आणि वडी विटेसारखी होते. कमी दाबलं तर कापताना कडा झडतात.

ओव्हनमधून काढल्यावर १० मिनिटांनी सुरीने वरवर रेघा पाडून ठेवा, अर्ध्या खोलीपर्यंत. मग टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या, किमान दोन तास. गार झाल्यावर त्याच रेघांवरून वड्या पाडा.

---

खरपूस

मंद_आच यांचं पाकाबद्दलचं सगळं पटलं. फक्त तापमानावर माझं मत थोडं वेगळं आहे. १६० अंशांवर वडी सगळीकडे एकसारखी मऊ होते. ज्यांना कडा कुरकुरीत आणि आतून ओलसर आवडतात, त्यांनी हेच मिश्रण १८० अंशांवर २० ते २२ मिनिटं भाजावं. जास्त आचेवर कडांचा पाक लवकर तपकिरी होतो आणि मधल्या भागातलं पाणी उडायला वेळ मिळत नाही. धोका एवढाच की दोन-तीन मिनिटांनी कडवटपणा येतो, त्यामुळे १७ व्या मिनिटापासून ओव्हनसमोरून हलू नका.

पण आपल्या ओव्हनची सवय नसेल तर १६० च बरं. सहलीला न्यायच्या वड्यांमध्ये कोपऱ्याची वडी आणि मधली वडी यांत फार फरक पडला तर वाटतानाही अडचण होते.

छोट्या ओटीजीत भाजत असाल तर आणखी एक. वरचा रॉड टिनच्या फार जवळ असतो, त्यामुळे वरचा थर करपतो आणि खालचा फिकट राहतो. टिन मधल्यापेक्षा एक कप्पा खाली ठेवा, आणि १५ मिनिटांनंतर वर फॉइल सैल टाका. अशा ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत २० अंशांचाही फरक असू शकतो. आत ठेवायचा साधा थर्मामीटर मिळाला तर फक्त फ्लॅपजॅकच नाही, सगळंच भाजणं सुधारतं.

---

तोलूनमापून

तीस जणांचं गणित मांडून देतो.

२० सेंमी चौकोनी टिनचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंमी. ३३ × २३ सेंमीच्या टिनचं ७५९, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्यामुळे मोठा टिन असेल तर वरचं प्रमाण सरळ दुप्पट करा: ओट्स ६०० ग्रॅम, बटर ३००, साखर १८०, सिरप २२०. थर किंचित जाड येतो, वेळ १६० अंशांवर ३२ ते ३७ मिनिटं. वेळ दुप्पट करायची नाही. थराची जाडी जवळपास तीच असल्यावर आच आत पोचायला लागणारा वेळही जवळपास तोच, चार-पाच मिनिटं वाढतात ती मोठ्या टिनच्या वजनामुळे.

लांब बाजूला ८ आणि आखूड बाजूला ४ भाग केले की ३२ वड्या होतात, प्रत्येकी साधारण ४० ग्रॅम. आकार लहान वाटेल, पण एका वडीत सुमारे १८० कॅलरी आहेत आणि तोंड भरून गोड आहे. बाकीचं खाणं असताना हा आकार पुरतो. फक्त चहासोबत हेच असेल तर माणशी दीड धरा.

मोठा टिन नसेल तर २० सेंमीचे दोन टिन करा. दोन्ही एकाच वेळी दोन कप्प्यांत ठेवलेत तर अर्ध्या वेळेनंतर वरचा खाली आणि खालचा वर करा, सोबत पुढची बाजू मागेही फिरवा. गडद रंगाचा टिन चकचकीत टिनपेक्षा जास्त उष्णता शोषतो, त्यात तीन-चार मिनिटं कमी धरा. काचेचं भांडं उशिरा तापतं आणि काढल्यावरही बराच वेळ गरम राहतं. त्यात कडा बाहेर काढल्यानंतरही भाजल्या जातात, म्हणून मी काच सुचवणार नाही.

टिनमध्ये कागद घालताना दोन बाजूंना ३-४ सेंमी बाहेर येईल असा घाला, म्हणजे गार झाल्यावर पूर्ण लादी उचलून पाटावर घेता येते आणि सुरीने टिन खरवडला जात नाही. कागद सिलिकॉनचा लेप असलेला, ओव्हनसाठीचाच हवा. बटर पेपर या नावाने मिळणारे सगळेच कागद तसे नसतात. मेणाचा लेप असलेला कागद आचेने सोलवटतो आणि पाकाला चिकटतो, मग प्रत्येक वडीच्या बुडाशी कागदाचे कपटे निघतात.

सिरप चमच्याने मोजू नका. १५ मिलिलिटरच्या सपाट टेबलस्पूनमध्ये सुमारे २० ग्रॅम बसतं, पण वर डोंगर घेऊन आला आणि खाली लोंबत राहिलं की तेच ३० होतं. पातेलं वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि बाटलीतून थेट ओता.

---

पानगळ

मनापासून आभार. चित्र स्पष्ट झालं. आता तीन अडचणी उरल्या.

गोल्डन सिरपची बाटली संपत आली आहे, दीडशे ग्रॅमच शिल्लक असेल. बदली काय घालू? दुसरं, येणाऱ्यांमध्ये दोघं दुधाचं काही खात नाहीत आणि एकाला शेंगदाणे-सुकामेव्याची अॅलर्जी आहे. लहान मुलंही आहेत, त्यात एक १० महिन्यांचं बाळ. तिसरं, दुपारी ऊन चांगलंच असणार. वरून चॉकलेट घालावं असं मनात होतं.

---

खरपूस

सिरपचं आधी.

गोल्डन सिरप म्हणजे साखर शुद्ध करताना मिळणारा पाक, त्यातली बरीच साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी फुटलेली असते. हे मिश्रण सहजी स्फटिक धरत नाही. एब्राम लाइल यांच्या लंडनमधल्या कारखान्याने १८८० च्या दशकात ते बाजारात आणलं. फ्लॅपजॅकला त्याची चव तर मिळतेच, पण मुख्य काम मऊपणा टिकवण्याचं. नुसत्या साखरेचा पाक घातला तर दोन दिवसांनी वडी रवाळ आणि ठिसूळ होते.

घरी करता येतं, दोन तास हाताशी असले की झालं. जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर आणि ५० मिली पाणी घेऊन मध्यम आचेवर ठेवा. ढवळू नका, पातेलं फक्त हलवा. रंग गडद मधासारखा झाला की गॅस अगदी बारीक करा आणि ३०० मिली उकळतं पाणी हळूहळू, धारेने ओता. इथे प्रचंड फसफसतं आणि वाफ अंगावर येते, तेव्हा पातेलं खोल घ्या आणि हात लांब ठेवा. मग ५०० ग्रॅम साखर आणि लिंबाची एक जाड चकती घाला, साखर विरघळेपर्यंत ढवळा, त्यानंतर चमचा काढून घ्या. अगदी मंद आचेवर, न झाकता, ४० ते ४५ मिनिटं. थंड बशीवर थेंब टाका. बशी तिरकी केल्यावर मधासारखा सावकाश सरकला की झालं. गरम असताना पातळच वाटतो, त्यावर जाऊ नका.

लिंबू वगळू नका. आंबटामुळेच साखर फुटते. लिंबू नसेल तर बाटलीच्या तळाशी आठवड्यात खडे जमतात.

एवढा वेळ नसेल तर मध चालेल. वजनाला वजन घ्या, पण मधात फ्रुक्टोज जास्त असतं आणि ते साध्या साखरेपेक्षा कमी तापमानाला तपकिरी होतं. ओव्हन १५० वर आणा आणि २५ मिनिटांनंतर लक्ष ठेवा. मेपल सिरप पातळ असतं, त्यात जवळपास एक तृतीयांश पाणी. तसंच घातलं तर वड्या धरत नाहीत. १४० ग्रॅम घेऊन मंद आचेवर ११० ग्रॅमपर्यंत आटवा, मग बटर-साखर घाला. काळी मळी एकटी वापरू नका, कडू लागते. सिरपच्या पाव भागापर्यंत घातली तर रंग आणि चव दोन्ही छान येतात.

---

दुपारचा_चहा

१० महिन्यांच्या बाळाबद्दल आधी, कारण मधाचा विषय निघाला आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही, भाजलेल्या पदार्थातलाही नाही. मधात बॉट्युलिझमचे (एका गंभीर विषबाधेचे) बीजाणू असू शकतात आणि घरच्या ओव्हनच्या आचेने ते मरत नाहीत. मोठ्यांचं पोट त्यांना पुरून उरतं, बाळाचं नाही. अशा वेळी मधाऐवजी घरचा सिरपच करा. सिरप वापरलं तरी इतकी गोड, चिवट वडी त्या बाळाला देऊ नये. पण सहलीत कुणी प्रेमाने तुकडा भरवला तर निदान मधाची भीती नको. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अख्खे दाणेही टाळायचे असतात, घशात अडकतात. तुम्ही अॅलर्जीमुळे दाणे वगळणारच आहात, तर हा प्रश्न आपोआप मिटला.

अॅलर्जीसाठी नुसते दाणे वगळून भागत नाही. ओट्सच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. पुष्कळ ओट्स जिथे सुकामेवा भरला जातो त्याच ठिकाणी भरलेले असतात, आणि तसं पाकिटावर लिहिलेलं असतं. त्याच दिवशी दाण्यांचं दुसरं काही करत असाल तर हा घाणा आधी काढा. येणाऱ्यांत कुणाला सीलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असेल तर साधे ओट्स चालत नाहीत, शेतात आणि गिरणीत त्यांत गहू मिसळलेला असतो. ग्लुटेनमुक्त असं प्रमाणित पाकीट लागतं, आणि काहींना तेही सोसत नाही, म्हणून त्या व्यक्तीला आधी विचारा.

दुधाशिवायच्या वड्यांसाठी भाजायला वापरतात तो कडक, ठोकळ्याच्या रूपातला वनस्पतीजन्य मार्जरीन घ्या, बटरइतकाच. डब्यातला पावाला लावायचा मऊ प्रकार घेऊ नका. त्यात पाणी फार असतं, वडी वाफाळते आणि धरत नाही. मार्जरीनमध्येही कधी दुधाची पावडर असते, तेही बघून घ्या.

खोबरेल तेल अनेक पाककृतींत सुचवलेलं दिसेल. घरात खायला ठीक, पण तुमच्या सहलीसाठी नको. ते २४-२५ अंशांना वितळतं. उन्हात वडी हातातच सुटेल आणि बोटं तेलकट होतील. तरीही वापरायचं असेल तर १५० ऐवजी १२० ग्रॅम घ्या, कारण बटरमध्ये स्निग्धांश ८० टक्क्यांच्या आसपासच असतो, बाकी बहुतेक पाणी. ते पाणी भरून काढायला पाकात १ टेबलस्पून पाणी घाला.

माझं ऐकाल तर सगळाच घाणा मार्जरीनचा करा. दोन वेगळे डबे, दोन सुऱ्या, कुठला कुणाचा ही आठवण, यापेक्षा सगळ्यांनी एकाच डब्यातून घेतलेलं बरं. चव किंचित सपाट होते, ती मीठ चिमूटभर वाढवून आणि एक छोटा चमचा व्हॅनिला घालून सावरते.

---

मंद_आच

चॉकलेटचं उत्तर द्यायचं राहिलं. वरून थर नको. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून किती तरी जास्त होतं. डबा उघडेपर्यंत वड्या एकमेकींना आणि झाकणाला चिकटलेल्या असतील. दुधाचं न खाणाऱ्यांसाठी चॉकलेटही वेगळं शोधावं लागेल.

त्याऐवजी मिश्रणातच काही घाला. बेदाणे, चिरलेला सुका जर्दाळू, भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया. एका २० सेंमी टिनला एकूण ८० ग्रॅमपर्यंत, आणि तेवढेच ओट्स कमी करायचे नाहीत. कमी करायचे ते निम्मे, ४० ग्रॅम. फळांनाही थोडा पाक लागतो, पण ते ओट्सइतका शोषत नाहीत. बिया आणल्यात तर अॅलर्जी असलेल्या व्यक्तीला त्या चालतात का, विचारून घ्या. बेदाणे पृष्ठभागावर उघडे राहिले तर फुगून करपतात आणि कडू लागतात, थापताना त्यांना आत ढकला.

ताजं फळ टाळा. केळं किंवा सफरचंद घातलं की त्यातलं पाणी पाक सैल करतं आणि वडी दोन दिवसांत खराब होते. लिंबाची किंवा संत्र्याची साल किसून घातली तर मात्र ओलावा न वाढता वास सुंदर येतो. अर्धा छोटा चमचा सुंठ पूडही चांगली लागते.

---

पानगळ

२० सेंमीच्या टिनमध्ये एक घाणा करून पाहिला, मार्जरीन घालून, १६० वर ३० मिनिटं. वड्या छान धरल्या! चिवटपणाही हवा तसा. फक्त बुडाला तेलकटपणा आहे, कागद ओला झाला होता आणि कडेला थोडं तेल जमलं होतं. मिश्रण पाच मिनिटं ठेवलं होतं. ओट्स मात्र काट्याची बॅटरी गेल्यामुळे ३ कप मापून घेतले.

---

तोलूनमापून

उत्तर त्या शेवटच्या वाक्यात आहे. २४० मिलीच्या कपात ओट्स साधारण ९० ग्रॅम बसतात, जाड असतील तर त्याहून कमी, ८० च्या जवळ. म्हणजे तुमचे ३ कप जेमतेम २५० ते २७० ग्रॅम झाले. ओट्स ३० ते ५० ग्रॅम कमी पडले, आणि तेवढं तेल शोषायला कुणी उरलं नाही. बॅटरी बदला.

पूर्ण वजन घेऊनही तेल सुटलं तर दुसरं कारण तपासा. पातेल्यात तेल वर आणि सिरप खाली असं फाटलेलं दिसत असेल तर आच जास्त झाली. ओट्स घालण्याआधी गॅसवरून उतरवून व्हिस्कने अर्धा मिनिट फेटा, म्हणजे ते पुन्हा एकजीव होतं. फाटलेलं मिश्रण ओट्सवर ओतलं तर काही ओट्सना तेलच तेल मिळतं आणि काहींना नुसता पाक.

आत्ताच्या वड्या टाकू नका. बुडाची बाजू खाली करून टिपकागदावर तासभर ठेवा, बरंचसं निघून जाईल.

---

खरपूस

पुढच्यांसाठी बिघडलेल्या घाण्याचं काय करायचं तेही लिहून ठेवतो.

भुगा झाला असेल तर ३० ते ४० ग्रॅम सिरप १ छोटा चमचा बटरसोबत कोमट करा, भुग्यात कालवा, पुन्हा घट्ट थापा आणि १६० वर ८ ते १० मिनिटं द्या. यावेळी पूर्ण गार होऊ द्या. तरीही सुटलं तर तो भुगा डब्यात भरून ठेवा, दह्यावर किंवा शिजवलेल्या फळांवर घालायला उत्तम.

कडक झाला असेल तर लादी १५० अंशांवर पाचेक मिनिटं गरम करून कोमट असतानाच वड्या पाडा. गार असताना सुरी मारली तर तडे जातात. मग वड्या ब्रेडच्या एका स्लाइससोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. पाक ब्रेडमधला ओलावा ओढून घेतो, सकाळी ब्रेड वाळलेला आणि वडी थोडी नरमलेली असते. करपून कडवट झालेल्यावर मात्र इलाज नाही. फक्त कडाच करपल्या असतील तर सेंटिमीटरभर कापून टाका.

---

दुपारचा_चहा

रविवारसाठी वेळेचं सांगते. शुक्रवारी रात्री भाजा, रात्रभर टिनमध्येच राहू दे. शनिवारी सकाळी वड्या पाडा. फ्लॅपजॅक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, कारण ओलावा ओट्समध्ये सारखा पसरलेला असतो. हवाबंद डब्यात आठवडाभर सहज टिकतो, तेव्हा घाई करून रविवारी पहाटे भाजायची गरज नाही.

कापताना लांब, जड सुरी घ्या आणि सरळ खाली दाबा. करवतीसारखी पुढेमागे चालवली की पाकळ्या उचकटतात. दर दोन-तीन कापांनंतर पातं गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या.

डबा भरताना थरांमध्ये कागद घाला, तीनपेक्षा जास्त थर नकोत, तळाच्या वड्या दबतात. आत किंचितही ऊब असताना झाकण लावू नका. वाफेचं पाणी झाकणाला धरतं, खाली पडतं आणि वरच्या वड्या चिकट होतात. फ्रिजमध्ये ठेवू नका, बटर किंवा मार्जरीन घट्ट होऊन वडी उगाच टणक लागते. फ्रीझरमध्ये मात्र तीन महिने चालतात. त्या नेणार असाल तर रविवारी सकाळी डबा बंदच बाहेर काढा आणि तसाच न्या. दव डब्याच्या बाहेरून जमेल, वड्यांवर नाही, आणि दीड-दोन तासांत खाण्याजोग्या होतील.

डबा गाडीत मागच्या काचेपाशी ठेवू नका, सीटच्या खाली सावलीत ठेवा. पोचल्यावर वड्या मऊ लागल्या तर लगेच वाढायला घेऊ नका, अर्धा तास झाडाखाली राहू द्या, पुन्हा धरतात. झाकणावर आत काय काय आहे त्याची चिठ्ठी चिकटवा: ओट्स, मार्जरीन, साखर, सिरप, घातल्या असतील तर बेदाणे आणि बिया. अॅलर्जी असलेल्या माणसाला मग दर वेळी विचारावं लागत नाही.